पान मोजलं, सापडलं पाणी : रब्बी ज्वारीच्या हिरवेपणाची जनुकं

रब्बी ज्वारीचं सगळं गणित शेवटच्या चाळीस-पंचेचाळीस दिवसांत ठरतं. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणी होते, तेव्हा काळ्या रानात ओल भरपूर असते. त्यानंतर पाऊस आला तर आला, नाहीतर जमिनीत मुरलंय तेवढंच भांडवल. मालदांडी पेरणीनंतर साधारण ७०-७५ दिवसांनी फुलोऱ्यात येते आणि ११५-१२० दिवसांत काढणीला. म्हणजे निसवणं, फुलोरा, दुधाळ दाणा, हुरडा, टणक दाणा हा सारा प्रवास जमीन वरून खाली वाळत जात असताना होतो. मंगळवेढा, मोहोळ, बार्शी या पट्ट्यात जानेवारीत बांधावर उभं राहिलं की ते दिसतंच. जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा, खालची चार-पाच पानं करपलेली, वरची तीन-चार अजून हिरवी आणि कणसात दाणा अर्धाच भरलेला. ती वरची पानं किती दिवस टिकतात, त्यावर दाणा टपोरा होणार की पोचट राहणार हे ठरतं.

पानं लवकर गेली तर नुकसान दाण्यापुरतं थांबत नाही. उपाशी पडलेलं ताट खोडात साठवलेली साखर कणसाकडे पाठवतं, खोड आतून रिकामं होतं आणि जमिनीतली बुरशी बुंध्यातून आत शिरते. तोच खडखड्या. असं ताट बुंध्याशी उभं चिरून बघा. गर जिरून गेलेला असतो, नुसते धागे उरलेले असतात आणि त्या धाग्यांवर कोळशाची पूड शिंपडावी तसे मोहरीपेक्षाही बारीक काळे ठिपके दिसतात. वारा सुटला की अशी ताटं आडवी होतात. दाणा हलका भरतो आणि कडबाही निकृष्ट निघतो. म्हणून पान हिरवं राहणं हा शेवटच्या टप्प्यातल्या दुष्काळाला टक्कर देणारा गुण आहे, हे ज्वारीच्या पैदासकारांना फार आधीपासून माहीत होतं.

माहीत नव्हतं ते हे की हा हिरवेपणा ज्वारीच्या जनुकसंचात कुठे बसलाय. तो शोधण्याची पस्तीसएक वर्षांची धडपड हेच इथलं प्रकरण आहे. टेक्सासमध्ये सुरू होऊन क्वीन्सलंडमार्गे ते हैदराबादजवळच्या पटनचेरूला आलं आणि तिथून आपल्या मालदांडीपर्यंत पोचलं. मला ते महत्त्वाचं वाटतं ते एका कारणासाठी. शोधणाऱ्यांनी पान मोजलं, आणि त्यांच्या हाती लागला तो पाण्याचा हिशेब.

ज्या वाणापासून हे सुरू झालं त्याचं नाव बी-३५. त्याचं मूळ इथिओपियातल्या दुर्रा गटाच्या एका स्थानिक ज्वारीत आहे. आपली मालदांडी, म्हणजे एम ३५-१, हीसुद्धा दुर्राच. १९३० च्या दशकात मोहोळला स्थानिक मालदांडीतून ती निवडली गेली. तेव्हा या कथेतले दोन्ही मुख्य वाण दूरचे भाऊबंद आहेत. उष्ण प्रदेशातली ज्वारी उंच वाढते आणि दिवस लहान झाल्याशिवाय फुलोऱ्यात येत नाही, त्यामुळे टेक्सासच्या लांब दिवसांत ती निसवतच नाही. अमेरिकेत १९६३ पासून अशा ज्वाऱ्यांना बुटकं आणि लवकर येणारं रूप द्यायचा मोठा कार्यक्रम चालला. त्यातून पुढे आलेल्या सामग्रीत टेक्सासचे पैदासकार डॅरेल रोझनॉ यांना बी-३५ गवसला. फुलोऱ्यानंतर पाणी तुटलं की शेजारचे वाण वाळून जायचे, याची पानं मात्र हिरवीच राहायची. एक अडचण होती. याचं उत्पादन बेताचंच होतं. शेतकऱ्याला थेट द्यावा असा हा वाण नव्हता, त्याच्यातला गुण काढून दुसऱ्यात घालावा असा होता.

पण गुण काढून घालायचा म्हणजे नेमकं काय काढायचं? एकच जनुक असतं तर काम सोपं होतं. संकर करायचा, दुसऱ्या पिढीत हिरवी आणि वाळकी ताटं वेगळी काढून मोजायची की झालं. इथे तसं होत नाही. संततीत हिरव्यापासून वाळक्यापर्यंत सगळ्या पायऱ्या दिसतात, मधे कुठे रेघ मारता येत नाही. उंची, उत्पादन, दाण्याचं वजन हे गुणही असेच. अनेक जनुकं थोडाथोडा वाटा उचलतात आणि जमीन-हवामान त्यात आपली भर घालतं.

अशा गुणाचा पत्ता काढायची रीत ऐकायला सोपी आहे. हिरवा बी-३५ आणि वाळणारा टीएक्स ७००० यांचा संकर केला. संततीतल्या प्रत्येक ताटाला पिढ्यान् पिढ्या स्वतःच्याच परागावर वाढवून ९८ स्थिर ओळी तयार केल्या. प्रत्येक ओळ म्हणजे दोन्ही आईबापांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची वेगवेगळी गोधडी. ज्वारीत गुणसूत्रांच्या १० जोड्या. त्यांवर जागोजागी डीएनएच्या खुणा तपासून कुठला तुकडा कोणाकडून आला ते प्रत्येक ओळीसाठी नोंदवलं. मग या ओळी शेतात लावल्या, फुलोऱ्यानंतर पाणी तोडलं आणि हिरवेपणाला गुण दिले. आता एकेक खूण घ्यायची. त्या जागी बी-३५ चा तुकडा असलेल्या ओळी एका बाजूला, टीएक्स ७००० चा असलेल्या दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही गटांची सरासरी काढायची. फरक योगायोगाने पडेल त्याहून मोठा निघाला तर त्या खुणेच्या आसपास हिरवेपणावर परिणाम करणारं काहीतरी आहे. या पट्ट्याला संशोधक क्यूटीएल म्हणतात. क्यूटीएल म्हणजे जनुक नव्हे. गावाचं नाव कळतं, घर कळत नाही, आणि अशा एकेका गावात शेकडो जनुकं राहत असतात.

२००० च्या सुमारास टेक्सासमधून या कामाचे निष्कर्ष आले. ठळक पट्टे चार निघाले. तिसऱ्या गुणसूत्रावर दोन, दुसऱ्यावर एक, पाचव्यावर एक. त्यांना एसटीजी-१ ते एसटीजी-४ अशी नावं मिळाली, एसटीजी म्हणजे 'स्टे ग्रीन', हिरवं राहणं. चौघांनी मिळून हिरवेपणातल्या एकूण फरकाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग उलगडला, असं हिशेबात आलं. इतक्या गुंतागुंतीच्या गुणात चारच पट्टे आणि त्यांच्याकडे निम्मा वाटा! पैदासकारांना आनंद होणं साहजिक होतं. खुणा बघून हे चार तुकडे उचलायचे आणि हव्या त्या वाणात बॅकक्रॉसने, म्हणजे संतती पुन्हा पुन्हा त्याच वाणाशी संकरून, बसवायचे, एवढंच बाकी आहे असं वाटावं अशीच ती वेळ होती.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण आपल्याकडे जनुक सापडल्याच्या बातम्या वाचताना हाच धागा सुटतो. ९८ ओळी हा आकडा लहान आहे. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ विल्यम बीव्हिस यांनी १९९० च्या दशकात संगणकावर खोटे संकर रचून दाखवलं होतं की शंभराच्या आसपास संतती घेऊन क्यूटीएल शोधले तर छोट्या परिणामांची बरीच जनुकं निसटतात आणि जी सापडतात त्यांचा परिणाम खऱ्यापेक्षा कितीतरी मोठा दिसतो. पाचशे संतती घेतली की हा फुगवटा बराच उतरतो, हजाराला जवळपास जातो. कारणही सरळ आहे. चाळणीची भोकं मोठी असली की फक्त मोठे खडे वर राहतात, आणि त्यातले काही त्या दिवशी चिखल चिकटल्यामुळेच मोठे झालेले असतात. चार पट्टे खरेच होते, ते पुढे सिद्धही झालं. पण गोष्ट चार जनुकांची आहे हा समज या चाळणीनेच तयार केला होता.

दुसरा प्रश्न त्याहून खोलवरचा. हिरवेपण म्हणजे नेमकं काय मोजायचं?

मी स्वतः अशी मोजणी केली आहे. सकाळी दव वाळलं की वही घेऊन ओळीत शिरायचं, ठरावीक ताटांना लावलेले टॅग शोधायचे, वरून पाचवं-सहावं पान हातात धरायचं आणि पात्याचा किती भाग हिरवा, किती पिवळा, किती करपलेला ते अंदाजाने लिहायचं. दर आठवड्याला तेच ताट, तेच पान. पानाच्या कडा गालाला कापतात, चिकट्याने बोटं चिकट होतात, आणि दुपार व्हायला लागली की पानं सुरळी करतात, मग हिरवं किती ते सांगणं अवघड. दोन माणसांचे गुण जुळत नाहीत. हिरवेपणा मोजायची छोटी यंत्रं आहेत, ती पानावर चिमटा लावून आकडा देतात आणि माणसामाणसातला फरक काढून टाकतात. पण मुळातला गोंधळ त्यांनीही जात नाही.

गोंधळ असा. शेजारच्यापेक्षा आठ दिवस उशिरा निसवलेलं ताट मोजणीच्या दिवशी हिरवंच दिसणार, कारण त्याचं वयच कमी. उलट आठ दिवस आधी निसवलेलं ताट पाणी संपायच्या आत दाणा भरून मोकळं होतं, मग ते वाळलं तरी त्याचं काही बिघडत नाही. तिसरा प्रकार तर अगदी फसवा. कणसात दाणेच नीट भरले नाहीत, तर पानातलं नत्र ओढून घेणारं कोणी उरत नाही आणि असं भाकड ताट काढणीपर्यंत हिरवंगार उभं राहतं. वहीत त्याला पैकीच्या पैकी गुण पडतात! आणि हिरवा रंग टिकला म्हणजे पान काम करतंय असंही नाही. मेंडेलच्या वाटाण्यात पिवळ्या दाण्यांसोबत जे हिरवे दाणे होते, ते हरितद्रव्य मोडणाऱ्या यंत्रणेतल्या एका जनुकाच्या बिघाडामुळे हिरवे राहत, हे २००७ मध्ये उलगडलं. तिथे रंग टिकतो, पानाची भूक भागवायची ताकद टिकतेच असं नाही. म्हणून फुलोऱ्याची तारीख आणि कणसाचं वजन शेजारच्या रकान्यात नसेल, तर हिरवेपणाच्या नुसत्या गुणांवर काढलेला नकाशा भलत्याच गावाचा पत्ता देऊ शकतो.

बी-३५ चं नशीब चांगलं की त्याचा हिरवेपणा यातल्या कुठल्याच सोंगाचा नव्हता. ते तपासायला चारही तुकडे एकेक करून टीएक्स ७००० मध्ये बॅकक्रॉसने घातले गेले. आता जोडीतली दोन्ही ताटं जवळपास सारखी, फरक फक्त एका तुकड्याचा. २००७ मध्ये आलेल्या निकालात एकेका तुकड्यानेही पान वाळणं लांबवलं. नकाशा खरा ठरला. पण का लांबवलं?

याचं उत्तर क्वीन्सलंडमध्ये वॉरिकच्या संशोधन केंद्रावर अँड्र्यू बोरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलं. २०१४ मध्ये त्यांनी ते सविस्तर मांडलं, आणि मला तो या सगळ्या प्रकरणाचा कणा वाटतो. त्यांनी फुलोऱ्यानंतरचं पान बघणं सोडलं नाही, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ताट बघायला सुरुवात केली. एसटीजीचे तुकडे असलेल्या ताटांना फुटवे कमी येत. वरची पानं आकाराने लहान राहत. म्हणजे फुलोऱ्याच्या वेळी त्या ताटाचा एकूण पर्णसंभारच आटोपशीर. पान कमी म्हणजे पानातून उडणारं पाणी कमी. ते पाणी जमिनीतच शिल्लक राहायचं आणि दाणा भरताना कामी यायचं. वाळणं लांबवणारी कुठली खास यंत्रणा शेवटी सुरू होत नव्हती. पेरणीनंतरच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत केलेल्या काटकसरीचं फळ शेवटी हिरव्या पानाच्या रूपात दिसत होतं.

आपल्याकडे कोरडवाहू शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. दाट पेरलेली ज्वारी डिसेंबरात झोकात दिसते आणि जानेवारीत बसते, हे तो दरवर्षी पाहतो. विरळणी त्यासाठीच असते. त्याला हिशेबाचं बळ द्यायचं तर असं बघा. एका एकरावर एक मिलिमीटर ओल म्हणजे सुमारे ४ हजार लिटर पाणी. फुलोऱ्याआधी वाचलेले १० मिलिमीटर म्हणजे एकरी ४० हजार लिटर, आणि तेही अशा आठवड्यांत, जेव्हा प्रत्येक थेंब थेट दाण्यात जाणार.

पटनचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत हा हिशेब अक्षरशः तोलून पाहिला गेला. तिथे २ मीटर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद असे पीव्हीसीचे पाइप जमिनीत घेतलेल्या खंदकात ओळीने उभे केलेले आहेत. पाइपात माती, मातीत ज्वारी. ताटांची दाटी शेतातल्यासारखीच. ठरावीक दिवसांनी प्रत्येक पाइप साखळीने उचलून काट्यावर लटकवायचा, वजन टिपायचं आणि परत खाली सोडायचा. दोन वजनांतला फरक म्हणजे त्या ताटाने तेवढ्या दिवसांत प्यायलेलं पाणी. मुळं खणून न काढता मुळांनी काय केलं ते कळतं. फुलोऱ्याआधी किती प्यायलं, नंतर किती, आणि प्यायलेल्या प्रत्येक किलो पाण्यामागे किती ग्रॅम वाढ झाली, हे वेगवेगळं काढता येतं.

व्हिन्सेंट वादे आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या पाइपांतून जे बाहेर काढलं, त्याने चार तुकड्यांची सोपी गोष्ट मोडली. त्यांनी बी-३५ चे तुकडे दोन वेगळ्या वाणांत घातलेल्या ओळी तपासल्या. एक होता एस-३५, कॅमेरून आणि चाडमध्ये पसरलेला, आणि दुसरा आर-१६, आपल्या रब्बी हंगामातला, पान लवकर वाळणारा. एस-३५ मधल्या २९ ओळी, आर-१६ मधल्या १६. एसटीजी-१ ने एस-३५ मध्ये मुळांची पाणी ओढायची क्षमता वाढवली, आर-१६ मध्ये नाही. एसटीजी-१ आणि एसटीजी-३ ने एस-३५ मध्ये फुटवे आणि पर्णसंभार कमी केला, आर-१६ मध्ये काहीच नाही. एसटीजी-बी हा आणखी एक तुकडा. त्याने आर-१६ मध्ये पाण्याच्या वापराची किफायत वाढवली, तर एस-३५ मध्ये तीच किफायत जागची हलली नाही. तुकडा तोच, काम मात्र वेगवेगळं.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला वाटलं की प्रयोगात काही गडबड असेल. पण विचार केला तर यात नवल नाही. ज्या वाणाला मुळातच फुटवे कमी येतात, त्यात फुटवे कमी करणारं जनुक घालून काय होणार? सून तीच असली तरी एका घरात ती हिशेब सांभाळते, दुसऱ्या घरात हिशेब आधीच कोणी सांभाळत असेल तर ती दुसरं काम हाती घेते. क्यूटीएलचा परिणाम म्हणून जो आकडा छापला जातो, तो त्या संकरातला, त्या शेतातला, त्या वर्षातला आकडा असतो. तो तुकड्याच्या अंगावर कोरलेला नसतो.

आणि मग प्रश्न येतो कडब्याचा. टेक्सास आणि क्वीन्सलंडमध्ये ज्वारी यंत्राने काढतात, तिथे दाणाच मोलाचा. सोलापूर जिल्ह्यात ज्याच्या दावणीला दोन म्हशी आणि बैलजोडी आहे, त्याच्यासाठी कडबा हे दुय्यम उत्पन्न नाही. दुष्काळी वर्षी तर दाण्याआधी पेंढीचा भाव विचारला जातो. पर्णसंभार कमी करून पाणी वाचवणारा तुकडा म्हणजे चाऱ्याला कात्री. हे सरळ सांगायला हवं. पण दुसरी बाजूही आहे. हिरव्या अवस्थेत काढलेल्या ताटाचा कडबा जास्त पचतो, आणि ग्राहकाला ते कळतं. हैदराबादच्या कडबा बाजारातून नमुने घेऊन केलेल्या अभ्यासात ४७ टक्के पचनीयतेच्या कडब्यापेक्षा ५२ टक्क्यांच्या कडब्याला सुमारे २५ टक्के जास्त भाव मिळताना दिसला. व्यापारी प्रयोगशाळेत जात नाहीत. ते पेंढीतलं एक ताट ओढून काढतात, पानं बोटांत चुरून बघतात, कांडं दातांखाली धरतात. पैदासकाराच्या वहीत हा रकाना अनेक वर्षं नव्हता.

हे सगळे धागे मालदांडीवर आणून बांधायचं काम याना खोलोव्हा आणि इक्रिसॅटच्या गटाने २०१४ मध्ये संगणकावर केलं. रब्बी पट्ट्यात सर्वाधिक प्रमाणात असलेला वाण गणिती प्रारूपात उभा केला आणि त्यात एकेक गुण आभासी रीतीने घालून पाहिला. लहान पर्णसंभार, दुपारच्या कोरड्या हवेत पानाची रंध्रं आवरती घेण्याची सवय, मुळांनी जास्त पाणी ओढणं, असे गुण. मग प्रत्येक गुण वेगवेगळ्या दुष्काळांत चालवून बघितला. सर्वांत जास्त फायदा दिला तो दुपारी बाष्पोत्सर्जन आवरण्याच्या सवयीने, त्यातही जोडीला पाणी ओढणारी मुळं असतील तर जास्तच. लहान पर्णसंभाराने कडक दुष्काळात दाणा वाढवला, पण सौम्य दुष्काळात कडबा घटवला. आणि मला सर्वांत मोलाचा वाटलेला निष्कर्ष हा की यातल्या प्रत्येक गुणाने फुलोऱ्यानंतर उपलब्ध राहणारं पाणी वाढवलं आणि प्रत्येकाने शेवटी ताट हिरवं ठेवलं.

म्हणजे शेतात दोन ताटं शेजारी शेजारी हिरवी उभी असतील. एकाने फुटवे काढले नाहीत म्हणून हिरवं, दुसऱ्याने भर दुपारी रंध्रं मिटली म्हणून. वहीत दोघांना सारखेच गुण. नकाशा काढताना ही दोन्ही एकाच गटात पडतात, वेगवेगळी जनुकं एकमेकांचा आवाज बुडवतात, आणि आपण म्हणतो की गुण गुंतागुंतीचा आहे. गुण गुंतागुंतीचा आहेच, पण त्यातली काही गुंतागुंत आपण चुकीच्या टोकाला मोजल्यामुळे आलेली आहे.

चाळणीबद्दलच्या आधीच्या शंकेला आपल्याच मातीतला पुरावाही आहे. हैदराबादच्या ज्वार संशोधन संचालनालयातून २०१३ मध्ये एम ३५-१ आणि बी-३५ यांच्या संकराचा नकाशा आला. या वेळी ओळी ९८ नव्हत्या, २४५ होत्या. खुणा २३७. उत्पादनासह ११ गुण मोजले आणि एकूण ९१ क्यूटीएल निघाले, प्रत्येक गुणामागे ५ ते १२. काहींचा वाटा ३० टक्क्यांपर्यंत, तर काहींचा अवघा अडीच टक्के. चाळणी बारीक केली की बारीक खडेही दिसू लागले. अडीच टक्क्यांच्या पट्ट्याचा पाठलाग बॅकक्रॉसने करणं पैदासकाराला परवडत नाही. तिथे एकेक पट्टा उचलण्याऐवजी सगळ्या खुणांचा एकत्रित अंदाज घेऊन ओळी निवडणं हाच व्यवहार्य मार्ग उरतो, आणि जग गेली काही वर्षं त्याच दिशेने चाललंय.

दरम्यान खुणा तपासण्याची किंमत कोसळली. ज्वारीचा संपूर्ण जनुकसंच २००९ मध्ये वाचला गेला, सुमारे ७३ कोटी अक्षरांचा. २०१३ मध्ये जगभरातल्या ९७१ ज्वाऱ्या २ लाख ६५ हजार खुणांवर तपासल्या गेल्या. संकर न करताही, आहेत त्या वाणांत गुण आणि खुणा यांची सांगड घालता येऊ लागली. तिथली अडचण निराळी. इथिओपियाची दुर्रा आणि पश्चिम आफ्रिकेची गिनी गटाची ज्वारी यांच्यात हजारो जागी फरक आहेत, त्यामुळे दुर्रात जास्त दिसणारा कुठलाही गुण दुर्राच्या कुठल्याही खुणेशी जोडलेला भासतो. हा भास गणिताने बराच दूर करता येतो. पण कणसाखाली किती खोल ओल उरली आहे, हे गणिताला कोणी सांगितलं तरच कळणार.

गावातून घरापर्यंतचा प्रवासही थोडा झाला आहे. एसटीजी-१ आणि एसटीजी-२ च्या पट्ट्यांत पिन नावाच्या कुळातली जनुकं आहेत. ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक पेशीतून बाहेर सोडायचं काम ही जनुकं करतात. फुटवा निघावा की झोपून राहावा, पान किती रुंद व्हावं, मूळ कुठे वळावं, हे सगळं ऑक्सिनच्या वाटपावर चालतं. २०२२ मध्ये बोरेल यांच्याच गटाने ज्वारीत ही जनुकं जास्त चालू ठेवून पाहिली, तेव्हा हिरवेपणाशी जोडलेल्या अनेक गुणांत फरक दिसले. एका जनुकाचा हात फुटव्यावर, पानावर आणि मुळावर एकाच वेळी कसा पोचतो, याचा त्यामुळे अंदाज येतो. दोन पट्ट्यांची दारं किलकिली झाली, बाकीच्यांची नाहीत.

माझं मत विचाराल तर रब्बी पट्ट्यासाठी पुढचा नकाशा एका सरासरी शेतावर काढण्यात अर्थ नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हे व्यवहारात आधीच ओळखलं. त्यांनी वाण दिले तेच जमिनीच्या खोलीप्रमाणे. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. एकाच गावात ओढ्याकाठचं रान कमरेइतकं खोल आणि माळावरचं वीतभर मातीखाली मुरूम लागणारं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ही विभागणी सहज पटते. ओढ्याकाठी काटकसर करणाऱ्या ताटाचं वाचलेलं पाणी खाली साठून राहायला जागा आहे. माळावर वाचवलं तरी ते ठेवणार कुठे? भेगांतून ते उडून जाणार. तिथे लवकर निसवून दाणा भरून मोकळं होणारं ताटच शहाणं, मग त्याचं पान जानेवारीत वाळलेलं दिसलं तरी चालेल. एकाच संकराच्या ओळी या दोन्ही रानांत लावाव्यात, फुलोऱ्याची तारीख टिपावी, फुलोऱ्याच्या दिवशी फूटफूट खोलीवरची माती काढून तिचं ओलं आणि सुकं वजन करावं, आणि काढणीला दाण्याबरोबर कडबाही तोलावा. हिरव्या पानाचे गुण त्यानंतर वहीत भरावेत, शेवटच्या रकान्यात.